पडद्यावरची नुरा, आखाड्यातली निकाली: मारामारीच्या सिनेमातले हिरो खरंच किती लढू शकतात?

ब्रूस ली आणि जेट ली समोरासमोर आले तर कोण जिंकेल, हा वाद पुण्यातल्या कुठल्याही कट्ट्यावर चहाच्या दोन फेऱ्या सहज खातो आणि तरीही सुटत नाही. एक जण ब्रूस लीचा वेग सांगतो, दुसरा जेट लीची पदकं मोजतो, आणि तिसरा, जो एरवी गप्प असतो, तो म्हणतो, "स्टीव्हन सीगल दोघांचे हात मोडेल." तिघंही वेगवेगळ्या गोष्टी एकाच काट्यावर तोलत असतात.

पेठांतल्या तालमीत, म्हणजे चिंचेच्या तालमीत किंवा जगोबादादा तालमीत, हा घोळ होत नाही, कारण कुस्तीकडे त्यासाठी दोन शब्द तयार आहेत: नुरा आणि निकाली. नुरा कुस्तीत दोन्ही पैलवान खरे असतात, घाम खरा असतो, डावसुद्धा खरे असतात. फक्त निकाल आधी ठरलेला असतो आणि समोरचा डाव कोणी जीव तोडून अडवत नाही. निकाली कुस्तीत समोरचा तुमचा प्रत्येक डाव हाणून पाडायलाच उभा असतो. सिनेमातली मारामारी ही फार मेहनतीने बसवलेली नुरा कुस्ती आहे. ती उत्तम खेळणारा निकालीत किती टिकेल, हे नुसती नुरा बघून कळत नाही.

कॅमेऱ्याला काय लागतं

पडद्यावरचा ठोसा कसा बसवतात ते आधी बघू. मारणारा आणि खाणारा कॅमेऱ्याच्या रेषेत एकामागे एक उभे राहतात. कॅमेरा खाणाऱ्याच्या खांद्यामागे असतो. ठोसा चेहऱ्यापासून वीतभर अंतर ठेवून, ती रेषा छेदत, आडवा जातो. पडद्याला खोली नसते, त्यामुळे मधली वीतभर हवा दिसत नाही. लांबून टेलिफोटो लेन्सने टिपलं तर ते अंतर आणखी दाबलं जातं. खाणाऱ्याने त्याच क्षणी मान झटकायची, आणि आवाज नंतर स्टुडिओत भरायचा.

चूक होते ती दोन ठिकाणी. कॅमेरा थोडा बाजूला सरकला की मधली फट उघडी पडते. आणि खाणाऱ्याने मान जरा लवकर झटकली की ठोसा पोचण्याआधीच माणूस कोलमडतो. म्हणून असा एकेक तुकडा पुन्हा पुन्हा घेतात. पोटावरची लाथ मात्र बऱ्याचदा खरीच लागते, कारण तिथे कपड्याआड पॅड लपवता येतो. तोंडाला पॅड बांधायची सोय नाही.

मग वेग. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. हाँगकाँगमध्ये मारामारी २२ चौकटींनी चित्रित करून २४ ने दाखवायची जुनी रीत आहे. बारा सेकंदांची झटापट त्यामुळे अकरा सेकंदांत संपते, म्हणजे हालचाल साधारण नऊ टक्के वेगवान दिसते. डोळ्याला फसवणूक जाणवत नाही, पण हात चाबकासारखे वाटतात. २० चौकटींपर्यंत उतरलं की चालणारी माणसं मूकपटातल्यासारखी टुणटुण उडायला लागतात आणि लबाडी उघड होते. वायर, संकलन आणि बदली स्टंटमन हे त्यानंतरचे थर. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकणाऱ्या कोणालाही विचारा: एका लाथेचे तीन तुकडे केले की ती लाथ कोणाचीही होते.

आता महत्त्वाचा मुद्दा. पडद्यासाठी जे चांगलं, ते लढतीत बहुतेक वेळा वाईट असतं. प्रेक्षकाला ठोसा निघण्याआधी त्याची चाहूल लागली पाहिजे, म्हणून हात कमरेपासून मोठा वळसा घेऊन येतो. निकाली लढतीत तीच चाहूल समोरच्याला लागते. काहीतरी दिसल्यापासून अंग हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. जवळून सरळ निघालेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट ठोसा, त्याच्या आसपासच पोचतो, म्हणून तो चुकवणं अवघड. वळसा घेऊन येणारा ठोसा त्याहून कितीतरी जास्त वेळ घेतो, म्हणून तो चुकवता येतो. हिरोचा चेहरा दिसायला हवा, त्यासाठी हात छातीशी खाली राहतात. बॉक्सिंगमध्ये हनुवटी उघडी टाकण्याची ही सर्वात खात्रीची पद्धत. उंच फिरकी लाथ चौकटीत देखणी दिसते, पण ती मारताना माणूस एका पायावर, पाठ वळवून उभा असतो. पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, शिकलेल्या कुस्तीगिराला तेवढंच हवं असतं.

दमाचा हिशेब तर कोणी करतच नाही. सिनेमात सहा-आठ सेकंद मारामारी, मग "कट", मग पाणी. हौशी बॉक्सिंगमध्ये तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, एमएमएमध्ये, म्हणजे मारणं-पकडणं-पाडणं सगळं चालणाऱ्या मिश्र लढतीत, पाच मिनिटांचे तीन. नवखा माणूस पहिल्याच मिनिटात श्वास रोखून धरतो, मुठी आवळून ठेवतो, आणि दुसऱ्या मिनिटात त्याला स्वतःचे हात वर धरवत नाहीत. ताकदवान माणसाचंही हेच होतं. हजार बैठका मारणारा पोरगा पहिल्या लढतीत धापा टाकतो, हे कुठलाही वस्ताद सांगेल.

विरोधाच्या पायऱ्या

एखाद्याला लढता येतं का, हे मोजायला एकच प्रश्न पुरतो: त्याला आजवर कोणी, किती आणि कुठल्या नियमांत विरोध केला? याच्या पायऱ्या आहेत. सर्वात खाली एकट्याने करायचे संच: कराटेतला काता, चिनी वुशूतला ताओलू. तिथे प्रतिस्पर्धीच नसतो. गुण मिळतात ते उडी, तोल आणि रेखीवपणाला. त्यावर जोडीदारासह प्रात्यक्षिक, ज्यात जोडीदार पडायला तयार असतो. त्यावर पॉइंट कराटे: फटका लागला की पंच थांबवतो, गुण देतो, पुन्हा सुरू. त्यावर फुल-कॉन्टॅक्ट, म्हणजे पूर्ण ताकदीने मारायची लढत, आणि सर्वात वर उभ्याने मारणं, पकडणं, पाडणं आणि जमिनीवर सांधे अडकवणं सगळं चालणारी लढत.

एक बारकावा इथे निसटतो. वरच्या पायरीवरही नियम माणसाला घडवतात, आणि नियमात जे नाही तिथे तो आंधळा राहतो. क्योकुशिन कराटेत उघड्या मुठींनी पूर्ण ताकदीने छातीवर मारतात, डोक्यात लाथ चालते, पण तोंडावर ठोसा चालत नाही. त्यामुळे हे लढवय्ये लोखंडासारखे होतात आणि तोंडासमोर हात ठेवायचं विसरतात. अमेरिकेतल्या पीकेए संघटनेच्या किकबॉक्सिंगमध्ये लाथ कमरेच्या वरच मारायची आणि प्रत्येक राउंडमध्ये निदान आठ मारायच्या, असा नियम होता. त्याचं फळ १९८८ साली दिसलं. अमेरिकेचा रिक रूफस आणि थायलंडचा चांगपूक किआटसाँगरिट यांच्या लढतीत मांडीवरच्या लाथांना मुभा होती. रूफसने पहिल्याच राउंडमध्ये चांगपूकचा जबडा मोडला. त्यानंतर थाई माणूस फक्त मांडीवर लाथा मारत राहिला, आणि काही राउंडनंतर रूफसला पायावर उभं राहता येईना. ठोशांत वरचढ असलेला माणूस हरला, कारण त्या एका फटक्याला अडवायची सवयच त्याच्या पायांना नव्हती.

१९९३ च्या नोव्हेंबरात डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसीत, म्हणजे जवळपास सगळं चालणाऱ्या लढतींच्या स्पर्धेत, असंच झालं. सुमारे ८० किलोच्या रॉइस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं. त्यातला एक बॉक्सर फक्त एका हातात ग्लोव्ह घालून आला होता आणि जमिनीवर खाली सापडताच, ठोसा न खाता, त्याने हार मानली. पाठीवर पडल्यावर काय करायचं हे बॉक्सिंगमध्ये शिकवतच नाहीत. २०१७ साली चेंगडूला शू शियाओडाँग नावाच्या एमएमए प्रशिक्षकाने वेई लेई या ताई-ची गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत खाली पाडलं, तेव्हा चीनमध्ये मोठा गहजब झाला. ताई-ची चांगलं की वाईट, यात शिरायची गरज नाही. त्या गुरूंना विरोधाची सवय नव्हती, एवढं त्या व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

आणि वजन. सिनेमा वजनाची थट्टा करतो. पंचावन्न किलोचा हिरो शंभर किलोच्या गुंडाला भिरकावतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत ब्राँझ जिंकलं ते ५७ किलो गटात. हा त्यांच्या थोरवीत उणेपणा नाही. गट असतात त्याला कारण आहे. उभ्याने मारताना हलका माणूस पायांच्या जोरावर अंतर राखून निभावतो. पण एकदा मिठी पडली की प्रत्येक श्वासाला समोरच्याचं वजन उचलावं लागतं, आणि खाली सापडला तर ते छातीवर घ्यावं लागतं. कौशल्य जवळपास सारखं असेल तर पंधरा किलोचा फरक बहुतेक वेळा निकाल लावून जातो. कौशल्यात फार मोठी दरी असेल तरच वजन हरतं. ग्रेसीने तेच दाखवलं.

कोण कुठे बसतो

सर्वात जास्त भांडण ब्रूस लीवरून होतं, म्हणून त्याच्यापासून. उंची साधारण १७२ सेंटिमीटर, वजन साठ-पासष्ट किलो. हाँगकाँगमध्ये इप मान यांच्याकडे विंग चुन ही चिनी लढाईची शैली शिकला. १९५८ साली तिथली आंतरशालेय बॉक्सिंग स्पर्धा जिंकला. नियमांतल्या लढतींची त्याची खात्रीची नोंद जवळपास तिथेच संपते. १९६४ साली ओकलंडला वाँग जॅक मॅनशी बंद दाराआड झालेली लढत प्रसिद्ध आहे, पण एका बाजूच्या मते ती तीन मिनिटांत संपली आणि दुसऱ्या बाजूच्या मते वीस मिनिटांहून जास्त चालली. चित्रीकरण नाही, पंच नाही. अशा लढतीला पुरावा म्हणून काय किंमत द्यायची, हे ज्याने त्याने ठरवावं. त्या लढतीत आपल्याला दम लागला, हे मात्र लीला खटकलं, आणि त्याने सरावाची पद्धतच बदलली.

लीचं खरं मोठेपण या बदलात आहे. १९६७ साली त्याने आपल्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं. त्याच वर्षी लाँग बीचच्या स्पर्धेत डोक्याला आणि छातीला संरक्षण बांधून, ग्लोव्ह्ज घालून त्याने खरा सराव करून दाखवला, तेही बहुतेक कराटेवाले फटका अंगावर येण्याआधी थांबवत असताना. १९७३ च्या त्याच्या गाजलेल्या चित्रपटाच्या सुरुवातीला सामो हंगशी जी लढत आहे, तिच्यात छोटे ग्लोव्ह्ज आहेत आणि शेवट जमिनीवर सांधा अडकवून शरणागतीने होतो. आजचं एमएमए बघणाऱ्याला ती ओळखीची वाटेल. विचार काळाच्या पुढे, वेग अफाट, नोंद जवळपास कोरी. तो चांगला लढला असता असं मानायला जागा आहे. "कोणालाही हरवलं असतं" असं मानायला नाही.

चक नॉरिसची थट्टा करणारे विनोद इतके फिरले की तो खरा लढवय्या होता हेच लोक विसरले. अमेरिकी हवाई दलातून दक्षिण कोरियात गेल्यावर तिथे तो तांग सू दो ही कोरियन शैली शिकला, सुरुवातीच्या स्पर्धा हरला, मग जिंकत गेला आणि १९६८ साली व्यावसायिक मिडलवेट कराटे विजेता झाला. ते पॉइंट कराटे होतं, हे लक्षात ठेवायचं; पण तो अनेक वर्षं, अनेक अनोळखी माणसांविरुद्ध, पंचांसमोर लढला. पुढे वय वाढल्यावर त्याने मचाडो बंधूंकडे ब्राझिलियन जुजुत्सू शिकून ब्लॅक बेल्ट मिळवला. प्रसिद्ध झाल्यावर पुन्हा पांढऱ्या पट्ट्यापासून सुरुवात करणं आणि तरुणांकडून रोज गळा आवळून घेणं ही मोठी गोष्ट आहे.

डॉल्फ लुंडग्रेनला लोक नुसता आडदांड समजतात. हा माणूस केमिकल इंजिनिअर आहे, सिडनीला पदव्युत्तर शिक्षण घेतलेला, आणि १९८० व १९८१ चा क्योकुशिनचा युरोपियन विजेता. उंची सहा फूट पाच इंच, वजन शंभर किलोंच्या पुढे. पूर्ण ताकदीचे फटके दिलेले आणि खाल्लेले, त्यात एवढा देह. पडद्यावरच्या मोठ्या नावांत भर उमेदीतला हा माणूस कोणालाच सोपा गेला नसता.

पडद्यावर खलनायक म्हणून मार खाणारे लोक बऱ्याचदा हिरोपेक्षा जास्त लढलेले असतात, ही या धंद्यातली गंमत. बिल वॉलेस १९७४ ते १९८० पर्यंत पीकेएचा मिडलवेट विजेता होता आणि अपराजित निवृत्त झाला. उजवा गुडघा निकामी असल्याने तो फक्त डाव्या पायाने लाथा मारायचा, आणि सगळ्यांना हे ठाऊक असूनही ती लाथ लागायची. बेनी उर्किडेझ किकबॉक्सिंगचा जगज्जेता. १९८४ च्या एका हाँगकाँगी चित्रपटात त्याच्या फिरकी लाथेच्या वाऱ्याने मेणबत्त्यांची रांग विझते, आणि समोर जॅकी चॅन आहे. चित्रपटात जॅकी जिंकतो. रिंगमध्ये काय झालं असतं, यावर वेळ घालवायला नको.

जॅकी चॅनची तालीम पेकिंग ऑपेराची. लहानपणापासून कसरत, कोलांट्या, गाणं, मार; पुढे थोडं हापकिडो, ही कोरियन शैली. शरीरावरचा ताबा आणि वेदना सोसायची ताकद अचाट, लढतीची नोंद नाही. तमाशातल्या ढोलकीवाल्याला तबल्याच्या स्पर्धेचे गुण देण्यासारखं ते होईल. जेट लीचंही तसंच, फक्त त्याच्याकडे पदकांचा ढीग आहे म्हणून गोंधळ होतो. १९७४ पासून पाच वेळा चीनचा वुशू विजेता. पण ते ताओलू, समोर माणूस नसलेलं. अकरा वर्षांच्या पोराने राष्ट्रीय पदक जिंकणं थोर आहे, पण ते जिम्नॅस्टिक्सच्या जवळचं थोरपण आहे. डॉनी येन ताई-ची शिकवणाऱ्या आईच्या हाताखाली वाढला आणि बीजिंगला वुशू शिकला. २००५ नंतरच्या त्याच्या चित्रपटांत कुस्तीसारखी पाडापाडी आणि जमिनीवरचे डाव आले, ते हाँगकाँगच्या सिनेमाला नवे होते. त्या शैलीचं श्रेय त्याचं, पण रिंगमधली नोंद त्याच्याकडेही नाही.

सीगलचं थोडक्यात. ऐकिडो या जपानी शैलीतला उच्च दर्जा, जपानमध्ये शिकवलेलं, मनगटावरची पकड खरीच सफाईदार. पण ऐकिडोच्या सरावात जोडीदार हल्ला करून हात पुढेच ठेवतो. जॅब मारून हात पाव सेकंदात परत घेणाऱ्याचं मनगट पकडता येत नाही. कट्ट्यावरच्या त्या तिसऱ्या माणसाला हे सांगून बघा; पटणार नाही, पण सांगा. व्हॅन डॅम १९७०च्या दशकात बेल्जियममध्ये कराटे आणि फुल-कॉन्टॅक्ट स्पर्धा लढला होता, तेव्हा त्याला नुसता नर्तक म्हणणं अन्याय. विजेत्यांच्या रांगेतही बसवू नये.

बायकांमध्ये हा फरक सर्वात स्वच्छ दिसतो. मिशेल यो लंडनला बॅले शिकली; तिची मारामारी हा नाचाचा विजय आहे, आणि ती ते लपवत नाही. उलट जीना कॅरानो आधी मुए थाई (थायलंडचं किकबॉक्सिंग) आणि एमएमए लढली, सात लढती जिंकली, ऑगस्ट २००९ मध्ये क्रिस सायबॉर्गकडून पहिल्याच राउंडच्या शेवटच्या सेकंदांत हरली आणि मग सिनेमात आली. तो पराभवसुद्धा पुरावा आहे: ती कुठपर्यंत पोचली हे त्यातून नेमकं कळतं. न हरलेल्या माणसाबद्दल हे कळत नाही.

आपल्याकडे याच रांगेत रितिका सिंग बसते. २०१६ च्या बॉक्सिंगवरच्या हिंदी-तमिळ चित्रपटात तिला घेतलं तेव्हा ती किकबॉक्सिंग खेळलेली आणि सुपर फाइट लीग या भारतीय एमएमए स्पर्धेच्या पिंजऱ्यात उतरलेली होती. तिचे ठोसे बघताना खांदा हनुवटी झाकतो आणि हात निघाला तसा सरळ परत येतो. हे बसवून घेता येत नाही. अक्षय कुमारने तायक्वांदो आणि बँकॉकला मुए थाई शिकलंय, विद्युत जामवाल केरळातल्या पालक्काडच्या कळरीतला, म्हणजे कळरीपयट्टूच्या आखाड्यातला. दोघांची अंगं घडलेली, पण स्पर्धेच्या नोंदीवर बोलण्यासारखं फार नाही. आणि दारासिंग. ते आधी मातीतले पैलवान, १९५४ चे रुस्तुम-ए-हिंद, मग नट. व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीत नुराचा भाग असायचा, त्यामुळे तिथले जय-पराजय बाजूला ठेवा. मातीत घडलेली पकड आणि तो देह उरतोच, आणि बंद खोलीत तेवढं बऱ्याच कराटेपटूंना जड गेलं असतं.

मुलाला क्लासला घालताना

हीच फूटपट्टी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये चालणाऱ्या क्लासलाही लागते. एक तास बसून बघा आणि घड्याळ लावा: त्यातली किती मिनिटं मुलं विरोध करणाऱ्या जोडीदाराशी भिडतात? शून्य असतील तर ते व्यायामाचे पैसे आहेत. वाईट नाहीत, फक्त नाव वेगळं. सरावाला वयाला साजेसे जाड ग्लोव्ह्ज, माउथगार्ड, नडगीचे पॅड आहेत का? जोड्या वजनाने लावतात की उपलब्धतेने? लहान मुलांच्या डोक्यावर मारू देत असतील तर मुलाला तिथून उचला. दर तीन महिन्यांनी बेल्टची फी असेल तर परीक्षेत कोण नापास झालं, हे विचारा. कोणीच झालं नसेल तर पट्ट्याचा रंग बघू नका.

राहिला मूळ वाद. जेट ली विरुद्ध ब्रूस ली: ब्रूस, कारण त्याने निदान अंगावर येणाऱ्या माणसाशी सराव केला होता. लुंडग्रेन विरुद्ध कोणीही: लुंडग्रेन, जमिनीवर नेणारा कुस्तीगीर समोर नसेल तर. आणि १९७२ च्या चित्रपटात रोमच्या कोलोझियममध्ये गाजलेली ब्रूस ली विरुद्ध चक नॉरिस? पडद्यावर ली जिंकतो ते आधी मार खाऊन, मग पाय हलते ठेवून आणि ताल मोडून. त्याचं खरं म्हणणं तेच होतं. पण नॉरिस दहा-पंधरा किलोंनी जड आणि कित्येक पटींनी जास्त लढलेला. पंच आणि ग्लोव्ह्ज असतील, तीन मिनिटांचे पाच राउंड असतील, तर नॉरिस, गुणांवर. डोळ्यात बोटं आणि गुडघ्यावर आडवी लाथ चालणार असेल, जी लीच्या पद्धतीतली पहिली हत्यारं, तर पहिल्या दहा सेकंदांत ली. अकराव्या सेकंदाला मिठी पडली, तर पुन्हा नॉरिस.